मदत हवी आहे: गहू-बार्ली न चालणाऱ्या मित्रासाठी बिअर
संभाजीनगरात आमच्या कॉलनीजवळ छोटी ब्रुअरी झालीय, शनिवारी लातूरहून आलेल्या मित्राला घेऊन गेल्तो. काचेमागं स्टीलच्या टाक्या, गव्हाच्या बिअरला पार पिकल्या केळाचा वास, तिथला पोरगा म्हणला केळं टाकत नाहीत, तो यीस्टमुळं येतो. पण मित्राला सिलिॲक आहे, म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन त्याला चालत नाही, गहू बंद, आणि बाकीच्या बिअर बार्लीच्या, त्यातपण ग्लुटेन असतंच, मग बिचारा दोन तास लिंबू सोड्यावर बसला, मला लय वाईट वाटायलंय. आफ्रिकेत ज्वारीची बिअर पूर्वीपासून करतात, आपल्याकडं तर ज्वारीच ज्वारी, मग मराठवाड्यात कुणी करतंय का? आणि सायडर, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेली दारू, त्याला चालंल का? दिवाळीला परत येणारंय तो, त्याच्याआधी सांगा.