रिलीज बेअरिंग चुकलं, गिअरबॉक्स दोनदा उतरवला. तुमचेही अनुभव लिहा

माझी जुनी सिटी व्हीटेक. हेवी ड्यूटी क्लच टाकायचा किडा बरेच दिवस डोक्यात होता, शेवटी प्रेशर प्लेट आणि क्लच प्लेट बाहेरून मागवली आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की प्रेशर प्लेटवर दाब देऊन क्लच सोडवतं ते) मात्र इथेच घेतलं, कारण काउंटरवरचा म्हणाला "गाडी तीच ना, मग बेअरिंग पण तेच". चारशे किलोमीटर झाले नाहीत तर पेडल दाबलं की किर्रर्र. गिअरबॉक्स परत खाली. मेकॅनिक काकांनी दोन्ही प्रेशर प्लेटा शेजारी ठेवून टॉर्च मारला. जुनीची बोटं (मधल्या स्प्रिंगच्या पात्या) टोकाला सपाट, नवीनची गोल वळलेली, आणि माझं बेअरिंग गोल तोंडाचं, म्हणजे गोलावर गोल. सपाट बोटांना गोल तोंडाचं बेअरिंग, गोल बोटांना सपाट तोंडाचं, एवढंच होतं ते! बोटांवर घासून चकचकीत झालेली रिंग पण एका बाजूला सरकलेली. मजुरी दोनदा दिली, बायकोला एकदाचीच सांगितली.

तुमचं काय काय झालं लिहा. पुश की पुल (बेअरिंग बोटांना ढकलतं की ओढतं), केबल की हायड्रॉलिक ते पण टाका.

खंबाटकीवाला
एस्टीम, केबल क्लच. माझ्याकडे तोंड बरोबर होतं, उंची चुकली. नवीन प्लेटची बोटं जुन्यापेक्षा साधारण 4 मिमी वर, त्यामुळे फोर्क (बेअरिंग हलवणारा दांडा) आधीच मागे ढकललेला आणि केबल पूर्ण सैल करूनही फ्री प्ले (पेडलची मोकळी चाल) शून्य. गावात काही कळलं नाही, घाटात चौथ्यात पाय दिला की आरपीएम वर आणि गाडी जागेवर, शिवाय तो जळका वास. मला वाटायचं क्लच प्लेट झिजली की फ्री प्ले वाढतो, पण पुश टाइपमध्ये उलटं असतं, प्लेट झिजते तशी बोटं बेअरिंगकडे सरकतात. म्हणजे सुरुवातीलाच गॅप नसेल तर पुढे स्लिप होणारच. शेवटी कमी उंचीचा स्लीव्ह शोधून बसवला.

मिशिगनचा मामा
इथे कॅमारो आहे, टी56 गिअरबॉक्स, स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने बेअरिंग ढकलणारा) आणि बेअरिंग एकत्र, इनपुट शाफ्टभोवतीच बसतं. माझं तुमच्या उलट झालं, गॅप फार जास्त. पेडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज, आणि एक दिवस स्लेव्ह इतका बाहेर आला की सील गेलं, सगळं ब्रेक ऑइल गॅरेजच्या फरशीवर. दुसऱ्यांदा मोजून केलं. बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडणारं कवच) तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवायची, बेअरिंग पूर्ण आत दाबायचं आणि पट्टीपासून बेअरिंगपर्यंत मोजायचं. मग इंजिनाच्या ज्या तोंडावर बेल हाउसिंग बसतं तिथपासून बोटांच्या टोकापर्यंत किती ते. दोन्हीतला फरक म्हणजे गॅप, तो क्लचवाल्याने दिलेल्या आकड्यात यायला हवा, नसेल तर स्लेव्हच्या मागे शिम (पातळ चकती). प्लेट पूर्ण टॉर्कला आवळल्यावरच मोजा हं, नुसती टेकवलेली असताना बोटं वेगळ्याच जागी असतात.

मेलबर्न_सुबारू
2003 ची डब्ल्यूआरएक्स, पुल टाइप. यात बेअरिंग बोटांना ढकलत नाही, प्लेटमध्ये अडकून बसतं आणि ओढतं. मला हे माहीतच नव्हतं, बोल्ट काढून मी आणि भाऊ तासभर गिअरबॉक्स हलवतोय, येईच ना! बेल हाउसिंगवर एक प्लग असतो, 10 मिमी ॲलन कीने काढायचा, आत फोर्कच्या शाफ्टमध्ये 6 मिमी बोल्ट फिरवून शाफ्ट बाहेर ओढायचा, मग फोर्क सुटतो. भाऊ अजून चिडवतो. आणि क्लच मागवताना पुल की पुश हे आधी बघा, पुलच्या प्लेटला पुशचं बेअरिंग चालतच नाही.

खंबाटकीवाला
मामा, शिम किती मिमीची लागली?

मिशिगनचा मामा
माझा आकडा घेऊन तुम्हाला उपयोग नाही हो, प्लेट बदलली की तो बदलतो. व्हर्नियर घ्या.

पाना_पकड
एक छोटं. नवीन बेअरिंग पेट्रोलमध्ये धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं. मी "स्वच्छ बसवू" म्हणून धुतलं होतं. आणि गाइड ट्यूबला (बेअरिंग ज्यावर सरकतं ती नळी) ग्रीस बोटभर नाही, पुसल्यासारखं, जास्त झालं तर उडून क्लच प्लेटवर जातं.

सिटीवाला (धागाकर्ता)
पेट्रोलमध्ये?? काका आमचं डिझेलमध्ये धुणार होते, आत्ताच फोन करतो.