ट्रान्स-ॲम सेडान शर्यती (१९६६-७२): ३०२ इंजिन, दोन दारांची 'सेडान' आणि ॲसिडची भानगड

निपाणीकर
नमस्कार मंडळी. बेळगावात कॉलेजच्या मोटार प्रदर्शनासाठी अमेरिकेच्या ट्रान्स-ॲम शर्यतींवर दोन फलक करायचे आहेत. पहिली सात वर्षं, एवढाच काळ. तीन गोष्टी पक्क्या हव्यात. फोर्डच्या मस्टँगला दोनच दारं, मग ती सेडान गटात कशी बसली? फोर्ड आणि शेव्हरोले या दोन वैऱ्यांची इंजिनं दोन्ही ३०२ घनइंचांचीच का? आणि बॉडी ॲसिडमध्ये बुडवून वजन उतरवलं म्हणतात, ते खरं असेल तर वजन जातं तरी किती? उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली मंडळी फलक वाचायला येणार. त्यांच्यासमोर आकडा चुकला तर खपणार नाही की ओ.

खानापूर रोड
पहिल्या प्रश्नाचं उत्तर मागच्या सीटमध्ये आहे. एससीसीएने (अमेरिकेतली मोटार शर्यतींची संस्था) १९६६ मध्ये मालिका सुरू केली तेव्हा एफआयएचे (आंतरराष्ट्रीय मोटार शर्यत महासंघ) गट १ आणि गट २ चे नियम उचलले. त्यात दारं मोजत नाहीत, चार माणसांची जागा मोजतात. म्हणून दोन सीटची कॉर्व्हेट बाहेर आणि मस्टँग आत. त्यातही सुरुवातीच्या वर्षांत धावली ती डिकी वेगळी दिसणारी हार्डटॉप मस्टँग. फलकावर १९६६ साठी उतरत्या छपराची फास्टबॅक छापू नका, जाणकार लगेच बोट ठेवतील.

गट दोन होते: २ लिटरच्या आतला आणि २ ते ५ लिटरचा. दोन्ही एकाच वेळी एकाच ट्रॅकवर. पहिली शर्यत सेब्रिंगला, २५ मार्च १९६६, चार तासांची. तीत मोठ्या व्ही-८ गाड्यांना मागे टाकून योखेन रिंट अल्फा रोमिओ जीटीएमध्ये एकूण पहिला आला. छोट्या गटाला अमेरिकन लेखनात नेहमी कोपऱ्यात ढकलतात. पण मालिकेची सुरुवातच त्या गटाच्या विजयाने झाली, तेव्हा फलकावर ही ओळ ठळक हवी.

छोट्या गटात १९६६ ला अल्फा, १९६७ ते ६९ पोर्शे ९११ (होय, मागच्या इवल्याशा सीटवर तीही सेडान ठरली), १९७० ला पुन्हा अल्फा. मोठ्या गटात फोर्ड १९६६ आणि ६७, शेव्हरोले १९६८ आणि ६९, फोर्ड १९७०, एएमसी (अमेरिकन मोटर्स) १९७१ आणि ७२. १९६७ ला फोर्डने मर्क्युरी कूगरला फक्त २ गुणांनी हरवलं: ६४ विरुद्ध ६२. मर्क्युरीही फोर्डचंच घर!

उद्यमबाग टर्नर
३०२ चा हिशेब मी सांगतो. ५ लिटर म्हणजे ३०५ घनइंच. मर्यादेच्या जास्तीत जास्त जवळ जायचं, पण हाती असलेल्या ब्लॉक आणि क्रँकमधून (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा). शेव्हरोलेने ३२७ चा ब्लॉक घेतला, बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.०० इंच, आणि त्यात २८३ चा क्रँक बसवला, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ३.०० इंच. आठ सिलिंडरचं माप येतं ४,९४२ सीसी. कॅमॅरो झी/२८ चं इंजिन ते हेच. पहिल्या वर्षी, १९६७ ला, अशा ६०२ गाड्या विकल्या. फोर्डच्या ३०२ चं बोअर-स्ट्रोकही ४.०० आणि ३.०० इंचच.

बोअर अजून वाढवून स्ट्रोक का कमी केला नाही, हा पुढचा प्रश्न येणारच. शेव्हरोलेच्या छोट्या ब्लॉकमध्ये शेजारच्या दोन सिलिंडरच्या मध्यांतलं अंतर ४.४० इंच, फोर्डमध्ये ४.३८. बोअर ४.०० केल्यावर मध्ये उरतं ०.४० किंवा ०.३८ इंच, म्हणजे जेमतेम १० मिलिमीटर. त्यातच दोन भिंती आणि हेड गॅस्केटची पट्टी. आणखी कोरायला गेलं तर गॅस्केट तिथेच फुटणार.

आखूड स्ट्रोकचा फायदा पिस्टनच्या वेगात दिसतो. ७,५०० आरपीएमला ७६.२ मिमी स्ट्रोकवर सरासरी वेग सेकंदाला १९ मीटर. ३५० इंजिनचा स्ट्रोक ८८.४ मिमी; त्याच आरपीएमला वेग २२ मीटर. रॉडचे (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) बोल्ट आणि पिस्टनपिन यांना हा फरक जाणवतो.

पण नुसता क्रँक बदलून भागत नाही. ३२७ पेक्षा स्ट्रोक पाव इंच घटला की पिस्टन वर पोहोचल्यावर अर्ध्याने, म्हणजे ०.१२५ इंच खाली राहतो आणि कॉम्प्रेशन पडतं. रॉड तोच ५.७ इंचांचा ठेवायचा तर पिस्टनपिनचं भोक तेवढंच खाली घेतलेला वेगळा पिस्टन लागतो. तसा दिल्यावरच झी/२८ चं कॉम्प्रेशन ११:१ झालं. शिवाय १९६७ च्या क्रँकचे मेन जर्नल (ब्लॉकच्या बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) २.३० इंचांचे, १९६८ पासून २.४५. कापलेलं इंजिन मांडणार असाल तर आधी जर्नलला मायक्रोमीटर लावा, मगच साल लिहा.

फोर्डचं १९६८ साल मात्र वाया गेलं. त्या वर्षीच्या टनेल-पोर्ट हेडमध्ये इनटेकची (हवा आत येण्याची) वाट इतकी मोठी केली की पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी काडी) नळीत घालून त्या वाटेच्या मधूनच न्यावा लागला. मोठी वाट म्हणजे कमी आरपीएमला हवेचा वेग मेला, ताकद अगदी वरच सापडायची. मग इंजिन सतत वर ताणायचं आणि खालची बाजू, बेअरिंग आणि रॉड, सोडून द्यायची. १९६९ च्या बॉस ३०२ ला तिरक्या व्हॉल्व्हचं हेड आलं ते यामुळे. तेव्हाही इनटेक व्हॉल्व्ह २.२३ इंचांचा मोठाच ठेवला होता. १९७० ला तो २.१९ केला.

शहापूर गल्ली
ॲसिडचं खरं आहे. संघमालक रॉजर पेन्स्कीच्या कॅमॅरोवर हे झालं, चालक मार्क डोनाह्यू. १९६९ च्या त्यांच्या गाड्यांवर व्हिनाइलचं छप्पर दिसतं. पातळ पत्र्यावरच्या लाटा त्याखाली झाकल्या जायच्या.

वजन स्वतः काढा. एक चौरस मीटर पत्र्याची जाडी ०.१ मिमीने कमी झाली तर ७८५ ग्रॅम जातात. समजा बॉडीत ३० चौरस मीटर पत्रा, आणि दोन्ही बाजू मिळून ०.२ मिमी गेला, तर ४७ किलो. हे गणित झालं, त्या गाडीचा अधिकृत आकडा म्हणून छापू नका.

आता खरा मुद्दा. किमान वजनाचा नियम होताच, मग उतरवून उपयोग काय? छप्पर, खांब, बॉनेट इथलं वजन काढायचं आणि तेवढंच शिसं किंवा लोखंड फरशीला खाली बांधायचं. काट्यावर गाडी तेवढीच, पण गुरुत्वमध्य खाली आला आणि वळणावर झोल कमी झाला. आणि पत्रा पातळ झाला तरी चालायचं कारण रोल केज, म्हणजे आतला नळ्यांचा पिंजरा. ताठपणा तोच देतो.

पिकलिंगवाल्यांना (पत्रा ॲसिडने साफ करणाऱ्यांना) विचारा, संपूर्ण बॉडी बुडवण्यातला धोका ते लगेच सांगतील. स्पॉट वेल्डच्या दुहेरी पत्र्यात ॲसिड शिरतं आणि बाहेर येत नाही. रंग मारून महिना झाला की सांध्यातून गंजाचे ओघळ. म्हणून ॲसिडनंतर पाणी, मग सोडा ॲशचा धुवा, मग गरम पाणी, हवेच्या दाबाने सांधे कोरडे, लगेच फॉस्फेट आणि प्रायमर. कडक केलेले बोल्ट आणि स्प्रिंग आधी काढायचेच. त्यात हायड्रोजन शिरला की भार आल्यावर ते काचेसारखे तुटतात.

निपाणीकर
अगदी हवं ते मिळालं. मग पाँटियाक आणि क्रायस्लर १९७० लाच एवढ्या जोरात का उतरले? त्यांच्याकडे ३०५ च्या आतलं चांगलं इंजिन नव्हतं ना?

उद्यमबाग टर्नर
नव्हतं, आणि विकल्या जाणाऱ्या गाडीचं इंजिनच ३०५ च्या आत हवं ही अट १९७० ला सुटली. विकल्या जाणाऱ्या इंजिनाचा स्ट्रोक शर्यतीसाठी कमी करायला परवानगी मिळाली. क्रायस्लर ३४० चा बोअर ४.०४, स्ट्रोक ३.३१ इंच. ५ लिटरच्या आत यायला स्ट्रोक २.९७ च्या आसपास हवा. क्रायस्लरच्या चॅलेंजर आणि बाराकुडा अशाच उतरल्या. त्याच वर्षी दोन कार्ब्युरेटर बंद होऊन एकच चार बॅरलचा ठेवावा लागला. पाँटियाकची तर आणखी गंमत: फायरबर्डवर 'ट्रान्स ॲम' हे नाव लावायला दर गाडीमागे एससीसीएला ५ डॉलर द्यावे लागत.

कोल्हापूर नाका
दोन दुरुस्त्या फलकाला उपयोगी पडतील. चालकांचं अधिकृत विजेतेपद १९७२ पासून, पहिला मानकरी जॉर्ज फॉलमर. त्याआधी किताब कंपन्यांचा होता. तेव्हा '१९६८ चा विजेता डोनाह्यू' असं न लिहिता 'शेव्हरोले; १३ पैकी १० शर्यती डोनाह्यूच्या' असं लिहा. दुसरं, १९७१ आणि ७२ ला छोट्या गटाची मर्यादा २.५ लिटर झाली आणि त्याच्या शर्यती वेगळ्या झाल्या. दोन्ही वर्षं डॅटसन ५१०, चालक जॉन मॉर्टन. त्या दोन वर्षांना वेगळा रकाना करा, २ लिटरच्या ओळीत घालू नका. तुमचा काळ १९७२ ला थांबवलात ते बरोबर आहे. १९७३ ला नियम जीटी गाड्यांकडे वळले आणि पीटर ग्रेग पोर्शे आरएसआर घेऊन जिंकला.