नवऱ्याबरोबर जर्मनीला चालले आहे. चित्रांची छोटी कामं तिथे स्वतंत्रपणे कशी सुरू करू?

दांडियाबाजारची

नमस्कार. मी बडोद्याची. इथल्याच फाइन आर्ट्समधून अप्लाइड आर्ट्स केलं आणि गेली चार वर्षं घरूनच कामं करते: लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, मुलांच्या पुस्तकांची चित्रं. नवरा लाइपझिगला नोकरीला लागलाय, जूनमध्ये मीही जाते आहे. व्हिसा त्याची बायको म्हणूनच मिळालाय.

घरात बसून राहायची सवय मला नाही. त्या व्हिसावर स्वतःचं काम करता येतं का? नोंदणी कुठे करायची? रावपुऱ्यातले एक प्रेसवाले महिन्याला दोन-तीन पत्रिका देतात, ते काम तिथून चालू ठेवता येईल का? आणि दर काय सांगू? इथे एका पत्रिकेच्या चित्राचे चार हजार घेते, म्हणजे साधारण चाळीस युरो. तेवढे मागितले तर चालतील ना?

रावपुरा_ते_बर्लिन

अगं, चाळीस युरो कुणालाही सांगू नकोस. त्यावर खाली सविस्तर लिहिते.

मी रावपुऱ्यातली, कॉलेजही तुझंच. बर्लिनला येऊन नऊ वर्षं झाली, तीही नवऱ्यामागोमागच. परवानगीची काळजी सोड. तुझ्या व्हिसावर, आणि पुढे इथे मिळणाऱ्या रेसिडेन्स कार्डावर, ‘एर्वेर्ब्सटेटिगकाइट एरलाउब्ट’ असं छापलेलं आहे का ते बघ. त्याचा अर्थ नोकरी आणि स्वतःचा व्यवसाय, दोन्हीला मोकळीक. जोडीदार म्हणून येणाऱ्यांना ती सहसा मिळतेच. एकटीने स्वतंत्र कामाच्या व्हिसावर येणाऱ्यांना मात्र उत्पन्न आणि ग्राहक आधी दाखवावे लागतात.

पोचल्यावर पत्ता नोंदवशील, त्याच दिवशी पत्रपेटीवर तुझं आडनाव लाव. हसू नकोस, अगदी कळकळीने सांगते आहे. मी माहेरचं आडनाव बदललं नव्हतं आणि पेटीवर फक्त नवऱ्याचं होतं. इथे बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो, पोस्टमन पेटीवरचं नाव वाचून टपाल टाकतो. कर खात्याच्या ‘एल्स्टर’ या पोर्टलवर खातं उघडलं की एक कोड ईमेलने येतो, दुसरा टपालाने. माझा टपालाचा काही येईना. तीन आठवडे वाट पाहून पुन्हा मागवला, तोही परत गेला. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला हाताला धरून पेटीपाशी नेलं आणि नवऱ्याच्या नावाखालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने नाव लिहून लावलं, पुन्हा अर्ज केला, तेव्हा कुठे पाकीट पडलं. दीड महिना गेला. बिलावर कर क्रमांक लागतो आणि तो माझ्याकडे नव्हता, म्हणून माझं पहिलं काम दुसरीकडे गेलं. ते एक पक्ष्यांचं पुस्तक होतं. अजून दुकानात दिसलं की मी हातात घेऊन बघते.

काम सुरू केल्यापासून महिन्याच्या आत फिनान्सआम्टला, म्हणजे कर कार्यालयाला, एल्स्टरवरून कळवायचं. चित्रकार सहसा ‘फ्रायबेरुफ्लर’मध्ये, म्हणजे मुक्त व्यावसायिकांत, बसतात. पण पत्रिका छापून गठ्ठ्याने विकायला लागलीस तर तो व्यापार, ‘गेवेर्बे’, आणि त्याची नोंदणी वेगळी. सुरुवातीला चित्र आणि त्याची फाइल एवढंच विक. फॉर्ममध्ये ‘क्लाइनउंटरनेमर’, म्हणजे छोटा व्यावसायिक, निवड. उलाढाल वर्षाला 25,000 युरोंच्या आत असेल तर व्हॅट लावायचा नाही, बिलावर तशी एक ओळ घालायची. (2025 च्या आधी हा आकडा 22,000 होता, जुने लेख वाचून गोंधळू नकोस.)

आता दर. बडोद्यात तुझ्या चार हजारांतून काय जातं? वीज, इंटरनेट, बास. इथे सगळ्यात आधी आरोग्य विमा उभा राहतो. नवऱ्याचा विमा सरकारी असेल तर तू त्यात फुकट राहू शकतेस, पण नफा महिना 535 युरोंच्या आत (2025 चा आकडा, दरवर्षी बदलतो) आणि हे तुझं मुख्य काम धरलं जात नाही तोवरच. त्यापुढे हप्ता तुझा, आणि तो महिना दोनशे युरोंच्या वरच सुरू होतो. कलाकारांसाठी 1983 पासून ‘क्युन्स्टलरसोत्सियालकासे’ ही सामाजिक विम्याची संस्था आहे. तिच्यात घेतलं गेलं की विमा आणि पेन्शनचा अर्धाच हप्ता आपण भरायचा. वर्षाला किमान 3,900 युरोंची कमाई अपेक्षित असते, नवख्यांना पहिली तीन वर्षं ती अट नाही. उत्तर यायला महिने लागतात, पण विमा तू कळवलंस त्या मागच्या तारखेपासून धरू शकतात, म्हणून अर्ज लांबवू नकोस. बडोद्यातली छापील पुस्तकं, बिलं, प्रेसवाल्यांची पत्रं, सगळं त्या अर्जाला पुरावा म्हणून बॅगेत घाल. दोन साड्या कमी आण.

मी हिशेब असा केला: महिन्याचे कामाचे तास 160. त्यातले बिल करता येतात जेमतेम 80. बाकीचे ईमेलमध्ये, दुरुस्त्यांमध्ये, कागदपत्रांत जातात. विमा, कर, म्हातारपणाची तजवीज, भाड्यातला माझा वाटा, हे सगळं त्या 80 तासांतून निघायला हवं. तासाला 25 युरोसुद्धा पुरत नाहीत. दोनदा दुरुस्त्या धरून पत्रिकेला दहा तास लागत असतील तर चाळीस युरो म्हणजे तासाला चार! मी पहिलं बिल 60 युरोंचं केलं होतं, रुपयांत मोजून खूप वाटले. त्याच ग्राहकाला खरा दर सांगायला मला दोन वर्षं लागली.

शिवाय आलेल्या प्रत्येक रकमेतला तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाक. पहिलं रिटर्न भरलं की मागचा कर येतो आणि त्यासोबत चालू वर्षाचा आगाऊ करही मागू शकतात, तिमाहीला, 10 मार्च, 10 जून, 10 सप्टेंबर, 10 डिसेंबर.

म्युनिकचा_दादा

ताईंनी सगळं लिहिलंच आहे. फक्त एक भर. आपल्याकडे प्रेसवाले फोनवर ‘थई जशे’, होऊन जाईल, म्हणाले की काम पक्कं. इथे तसं नाही. किती चित्रं, किती दुरुस्त्या, पैसे कधी, हे ईमेलवर लिहून घे आणि त्यांचा होकार आल्यावरच पेन्सिल उचल. मोठ्या कामाला तिसरा हिस्सा आधी माग, कुणी वाईट मानत नाही. आणि जर्मन आत्तापासून शीक. लाइपझिगमधल्या छोट्या प्रकाशनांशी इंग्रजीत फार पुढे जाता येणार नाही.

मांडवीचे_काका

मी बडोद्यात सीए आहे. रावपुऱ्याचं काम चालू ठेवता येईल, पण तिथे राहायला गेल्यावर इथलं साधं बचत खातं तसंच वापरू नकोस. बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घे. तू अनिवासी झालीस की तुला पैसे देताना प्रेसवाल्यांना टीडीएसचा विचार करावा लागेल. दोन देशांत कराचा करार आहे, त्याचा फायदा घ्यायचा तर फिनान्सआम्टकडून रहिवासाचा दाखला आणावा लागतो. आणि बेटा, इथली कमाई तिथे दाखवायचीच. जर्मनीत राहणाऱ्याला जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब द्यावा लागतो. ताई म्हणाल्या त्या 535 मध्येही रावपुऱ्याचे पैसे मोजले जातील. दोन-तीन पत्रिकांसाठी एवढा व्याप झेपतो का, ते प्रेसवाल्यांशी बसून बोल. सहा महिने थांबा म्हणालीस तर चांगली माणसं थांबतात.

दांडियाबाजारची

ताई, दादा, काका, मनापासून आभार. नवऱ्याला लगेच फोन केला. पेटीवर त्याचंच एकट्याचं आडनाव आहे. माझं स्पेलिंग मेसेज करून मागितलंय, उद्या सकाळी कामावर जाताना लावतो म्हणाला.

ताई, दहा तास तुम्ही अंदाजाने लिहिलेत. मी आत्ता शेवटच्या तीन पत्रिकांच्या फाइल्स काढून तास मोजले. सगळ्यात कमी चौदा निघाले.