सावलीतील सदाहरित झुडपे थंडीत करपतात: मदत हवी आहे

पानगळ_नको: घराच्या उत्तरेला, दिवसभर सावली असलेल्या पट्ट्यात लावलेल्या झुडपांची पाने थंडी संपता संपता तपकिरी पडली आहेत. सावली सोसणारी म्हणूनच ती निवडली होती. ती उपटावीत की ठेवावीत, हे कृपया लवकर सांगावे, कारण नवी रोपे मागवायची आहेत.

मृद्गंध: झुडपे कोणती, हेच आपण लिहिलेले नाही. ऱ्होडोडेंड्रॉन असल्यास आधी मातीचा सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचे माप) तपासा; तो ४.५ ते ६ च्या दरम्यान हवा.

पानगळ_नको: ऱ्होडोडेंड्रॉनच आहेत. सामू मोजलेला नाही, पण पाने पिवळी नाहीत; कडेने आणि मधल्या शिरेलगत करपून सुरळीसारखी वळली आहेत.

हिरवे_कुंपण: मग सामूच्या मागे लागू नका. कडाक्याच्या थंडीत ही पाने वळतात आणि ऊब आली की उलगडतात, त्यात काळजीचे काही नाही. परंतु करपलेल्या कडा पाणी तुटल्याची खूण आहेत, कारण जमीन गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही आणि वारा मात्र पानांतला ओलावा नेतच राहतो. तिथे वारा कुठून येतो?

मृद्गंध: सामू चुकला तर मुळेच दुबळी राहतात, त्यामुळे तो मुद्दा सोडता येणार नाही.

गर्द_छाया: माझे ऐकाल तर यू लावा, गडद सावलीत इतके तग धरणारे सदाहरित झाड विरळाच.

हिरवे_कुंपण: यूची पाने आणि बिया विषारी असतात, घरात लहान मुले किंवा जनावरे आहेत का, हे विचारल्याशिवाय असा सल्ला देणे मला योग्य वाटत नाही.

कुंडीवाला: कुंडीत लावणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की कुंडीतील मुळे जमिनीतल्या मुळांपेक्षा लवकर गोठतात.

पानगळ_नको: माझी झुडपे जमिनीत आहेत. वारा मोकळा येतो, आणि शेजारी जुना मेपल आहे. त्याचा संबंध असेल का?

हिरवे_कुंपण: नक्कीच. मेपलची मुळे उथळ पसरतात आणि वरच्या थरातले पाणी तीच पिऊन टाकतात. जमीन गोठण्यापूर्वी खोलवर पाणी द्या, खोडाला न टेकवता सालीच्या तुकड्यांचे आच्छादन घाला आणि वाऱ्याच्या बाजूला खुंट्यांवर गोणपाट ताणा. उपटण्याची घाई नको: फांदी नखाने हलकेच खरवडा, आत हिरवे दिसले तर ती जिवंत आहे.

पानगळ_नको: खरवडून पाहिले. टोकाच्या काही फांद्या आतून तपकिरी आहेत, बाकी हिरव्या. आताच छाटू का?

मृद्गंध: नवी पालवी फुटेपर्यंत थांबा, मग वाळलेले तेवढेच काढा. तोवर सामूही मोजून ठेवा.