पत्र्याच्या शेडचा बाहेरचा नळ हलतोय, पक्का कसा करायचा?

मदत हवी आहे. शेतावरच्या शेडला (एमएस म्हणजे लोखंडी स्ट्रक्चर, 0.5 मिमी कलर कोटेड पत्रा) बाहेरून अर्ध्या इंचाचा नळ आहे. आतून सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) पाईप आणून पत्र्याला भोक पाडलंय, एल्बोला (काटकोनी जोडाला) नळ लावलाय आणि प्लंबर मोकळा! क्लॅम्प एकही नाही. होज ओढला की नळासकट पत्रा लचकतो. आता एल्बोच्या आट्यांपाशी केसासारखी चीर गेलीये, पाणी आतल्या बाजूने ओघळून खताच्या गोण्यांखाली जातं. पत्र्याची धार पाईपलाही घासतेय.

टेफ्लॉन टेप पुन्हा गुंडाळून पाहिली, भोकाभोवती सिलिकॉन भरलं. पहिल्या ओढीला सुटलं. एल्बो बदलणारच आहे, ब्रास आट्यांचा घेईन. पण आधार नसेल तर तोही किती टिकणार?

टाकी स्टँडवर आहे, पंपाचं प्रेशर नाही. सांगाड्याचं आडवं सी चॅनेल (C आकाराचा लोखंडी बार) नळापासून साधारण फूटभर वर आहे. कोटिंग जळेल म्हणून पत्र्याजवळ वेल्डिंग नको, ड्रिल आणि नट-बोल्ट चालतील. बाहेरच्या बाजूला दिवसभर ऊन असतं, त्यामुळे प्लास्टिक पाईप उघडा ठेवायचा नाहीये.

दोन पर्याय डोक्यात आहेत. चॅनेलला अँगल बोल्ट करून त्यावर एल्बो कसायचा, किंवा पत्र्याचा नाद सोडून बाहेर जमिनीत काँक्रीटमध्ये जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप उभा करून नळ त्यावर घ्यायचा. होजची रोजची ओढ यातलं कुठलं सोसेल? आणि अँगलवाला केला तर पत्र्याच्या भोकात रबर ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) पुरेल की पाईपला मोठी स्लीव्ह (वरून चढवायची नळी) घालावी लागेल?