मांजर अचानक विचित्र वागू लागले तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

शेजारचा बोका काल वाळूच्या ट्रेमध्ये वारंवार बसून नुसताच उठत होता, ते पाहून आमच्या सोन्याची आठवण झाली. तो मोरीत, अंथरुणावर, पायपुसण्यावर असाच बसू लागला, तेव्हा घरी पाहुणे आल्यामुळे तो रुसला असावा, असे सर्वांचे मत पडले. आईने मात्र पायपुसणे उचलून पाहिले; ते जवळजवळ कोरडे होते आणि कडेला फिकट गुलाबी डाग होता. लघवी तुंबली होती. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने त्यात बारीक खडे अडकतात, रक्तातले पोटॅशियम वाढते आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. डॉक्टरांनी त्याच रात्री भूल देऊन नळी घातली, म्हणून तो वाचला. आपले अनुभव तपशिलाने लिहावेत.

—

शेजाऱ्यांना सांगितलेत ना?

—

हो, लगेच सांगितले. ते त्याला घेऊन तासाभरात दवाखान्यात पोहोचले.

—

आमच्या दोघी सख्ख्या बहिणी, एका टोपलीत वाढलेल्या. धाकटीला नसबंदी करून घरी आणले, तर थोरली पाठीचे केस फुलवून फिसकारली आणि थेट अंगावर धावली. मांजरे एकमेकांना मुख्यतः वासावरून ओळखतात आणि धाकटीच्या अंगाला दवाखान्याचा वास येत होता, हे डॉक्टरांनी समजावले. मग दोघींना वेगळ्या खोल्यांत ठेवून त्यांच्या गोधड्यांची अदलाबदल करत राहिलो, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण ठेवले, आणि हळूहळू त्या पुन्हा एकमेकींना चाटू लागल्या.

—

ताई, नसबंदीचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आमची मनी कालपासून जमिनीवर लोळते, रात्रभर आर्त ओरडते, पाठीवर हात ठेवला की मागचा भाग उचलते. तिला कुठे दुखत असेल का?

—

वय सहा महिन्यांच्या आसपास असेल आणि ती नीट जेवत असेल, तर बहुधा ती माजावर आली आहे. दारे-खिडक्या बंद ठेवा आणि नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला.

—

म्हातारी भाटी रात्री ओरडत असेल, तर मात्र वयावर सोडून देऊ नये. आमची दुप्पट खायची आणि तरी पाठीचा कणा हाताला लागायचा. रक्ततपासणीत थायरॉईड वाढलेले निघाले. पुढे एके सकाळी ती दाराच्या चौकटीवर आपटली, आणि भर उन्हातही तिच्या बाहुल्या मोठ्याच राहिलेल्या दिसल्या. रक्तदाबामुळे डोळ्यांचे पडदे सुटले होते. गोळ्यांनी दाब उतरला, दृष्टी थोडीच परतली, तरी घरातल्या वस्तू हलवल्या नाहीत तर ती बिनचूक फिरायची.

—

पिल्लू थरथरत असेल, तोल जात असेल, तर आधी घरात कुणी गोचिडांचे औषध लावले का, ते विचारा. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असते आणि ते मांजराला विषासारखे बाधते. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते, हे कृपया ज्येष्ठांनाही सांगा.

—

दवाखान्यात टेबलावर ठेवल्यावर मांजर गप्प बसते आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही. घरी ते जसे वागते त्याचा फोनवर व्हिडिओ काढून न्यावा. आमच्या बोक्याची फिट त्यावरूनच ओळखली गेली.