समाजशास्त्र पदवीलाच घ्यावे, की एम.ए.ला?

परळकर : भाचीला बारावीनंतर समाजशास्त्र घेऊन बी.ए. करायचे आहे. माझे मत असे, की पदवीला तिने अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र घ्यावे आणि समाजशास्त्राकडे एम.ए.ला वळावे. मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी हा विभाग सुरू केला. त्याला नावारूपाला आणणारे गो. स. घुर्ये मूळचे संस्कृतचे, आणि त्यांच्या हाताखाली एम.ए. झालेल्या इरावती कर्वे पदवीला तत्त्वज्ञान शिकलेल्या. हाताशी दुसरी एखादी विद्या असली, की समाजाविषयीच्या बोलण्याला वजन येते; नाहीतर दुर्खीम, वेबर, मार्क्स या समाजविचारवंतांच्या व्याख्या घोकून मूल बाहेर पडते.

माहीमकरीण : घुर्ये-कर्वे यांच्या उदाहरणाने एवढेच दिसते, की असामान्य माणूस कुठूनही येऊन चमकतो. मी पदवीच्या मुलांना हाच विषय शिकवते. आमची मुले लालबागच्या एका चाळीत पाहणीला गेली आणि प्रश्नावलीतल्या पहिल्याच प्रश्नावर अडली: घरात माणसे किती? आजींनी सात सांगितली, खोलीत राहत होती चार. थोरला मुलगा, सून आणि नातू नालासोपाऱ्याला गेलेले. पण शिधापत्रिकेवर नावे इथलीच, गणपतीचा खर्च एकत्र, आणि चाळीचा पुनर्विकास झाला तर मिळणाऱ्या जागेत त्यांचाही वाटा धरलेला. जनगणना मात्र एकत्र राहून एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्यांनाच एक कुटुंब धरते. सात लिहायचे की चार, यावर मुले परतीच्या लोकलमध्ये भांडत होती. तुमची संख्याशास्त्राची पदवीधर त्या रकान्यात चार भरून मोकळी झाली असती.

एक वाचक : यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाला ५०० गुण असतात. एवढे कारण पुरेसे नाही का?

माहीमकरीण : नाही. तो विषय पदवीचाच असावा, अशी अट नसते.

परळकर : आजींचे उदाहरण पटते, पण एका खोलीवरून चाळीविषयी आणि एका चाळीवरून गिरणगावाविषयी बोलायचे, तर पाहणीसाठी घरांचा नमुना कसा निवडला हे सांगता आले पाहिजे. १९८२ च्या संपानंतर गिरणी कामगारांची कुटुंबे कशी पांगली, यावर आमच्या भागात प्रत्येकाकडे ठाम सिद्धान्त आहे (माझ्याकडेही आहे). तो तपासण्याची रीत फार थोड्यांकडे. ती पदवीला नीट शिकवतात का?

माहीमकरीण : संशोधन पद्धती अभ्यासक्रमात असतात, पण त्या बऱ्याचदा फळ्यावरच उरकतात आणि मुलांना वस्तीत नेणे शिक्षकाच्या हौसेवर राहते, ही उणीव खरी. तरी त्यासाठी मुलीला तीन वर्षे थांबवण्यापेक्षा, पाहणी करवून घेणारे महाविद्यालय शोधावे. प्रवेशापूर्वी तिने तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारावे, की तुमचा प्रकल्प कोणत्या वस्तीत झाला. उत्तरात वस्तीऐवजी बाजारातल्या गाइड-पुस्तकाचे नाव आले, तर पुढचे महाविद्यालय गाठावे.

परळकर : विचारायला सांगतो. जोडीचा विषय मात्र अर्थशास्त्रच घ्यायला लावणार.